वाटसरूंचे कलादालन : फ्रँक पिक यांचे जीवनकार्य

चित्र पाहावयाचे तर संग्रहालयाची पायरी चढावी आणि सुंदर अक्षर पाहावयाचे तर उत्तम ग्रंथ उघडावा, अशी समजूत विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर युरोपातही रूढ होती. कारखान्यात, कचेरीत वा दुकानात दिवसभर राबणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टींसाठी ना सवड होती, ना कोणी त्याला अगत्याने बोलावीत होते. त्याच्या नजरेस पडणारी चित्रे म्हणजे रस्त्यावरच्या भिंतींवर दाटीवाटीने चिकटवलेल्या साबणाच्या, औषधांच्या आणि मद्याच्या जाहिराती. लंडन शहरात हे चित्र पुढील तीस वर्षांत पालटले. रोज कामावर जाणाऱ्या उतारूला, त्याने वेगळे मूल्य न मोजता, आपल्या काळातील श्रेष्ठ चित्रकारांची कामे फलाटावर उभ्या उभ्या पाहावयास मिळू लागली. हा पालट घडवून आणणारा पुरुष चित्रकार नव्हता, कलासमीक्षक नव्हता आणि धनिक रसिकही नव्हता. शिक्षणाने वकील, कामाने आकडेमोड करणारा आणि स्वभावाने संकोची असा तो एक रेल्वे अधिकारी होता. त्याचे नाव फ्रँक पिक.

बालपण आणि घडण

फ्रँक पिक यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८७८ रोजी इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातील स्पॉल्डिंग या गावी झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. पाच भावंडांत फ्रँक सर्वांत थोरले. घरातील वातावरण काँग्रिगेशनल पंथाच्या कडक शिस्तीचे होते. मैदानी खेळांत या मुलाचे मन फारसे रमत नसे. वाचन करणे आणि फुलपाखरे, पतंग, समुद्रकिनाऱ्यावर सापडलेल्या वस्तू जमवून त्या नीट मांडून ठेवणे, हाच त्यांचा विरंगुळा होता. वस्तू गोळा करून तिला तिची नेमकी जागा देण्याची ही बालपणीची सवय पुढे एका महानगराच्या उपयोगी पडणार होती.

यॉर्क येथील सेंट पीटर्स शाळेतील शिक्षण संपल्यावर १८९७ मध्ये ते त्याच शहरातील एका सॉलिसिटरकडे उमेदवारी करू लागले. १९०२ मध्ये ते सॉलिसिटर झाले आणि पाठोपाठ लंडन विद्यापीठाची कायद्याची पदवीही त्यांनी मिळवली. परंतु वकिली मात्र कधीच केली नाही. १९०२ मध्येच त्यांनी नॉर्थ ईस्टर्न रेल्वेत नोकरी धरली. तेथे त्यांच्याकडे वाहतुकीची आकडेवारी तयार करण्याचे काम आले. महाव्यवस्थापक सर जॉर्ज गिब यांनी या तरुणाची कुशाग्रता हेरून १९०४ मध्ये त्यांना आपले साहाय्यक नेमले. त्याच वर्षी पिक यांचा विवाह झाला. १९०६ मध्ये गिब लंडनच्या भुयारी रेल्वे कंपनीत गेले, तेव्हा त्यांच्यासोबत पिकही राजधानीत आले.

तोट्यातील भुयारे

लंडनमधील परिस्थिती आशादायक नव्हती. अमेरिकन भांडवलदार चार्ल्स यर्क्स यांनी उभारलेल्या कंपनीने १९०६ आणि १९०७ या दोन वर्षांत विजेवर चालणारे तीन नवे भुयारी मार्ग सुरू केले होते. खोल भुयारे खणण्यास अपार खर्च आला होता, आणि प्रवाशांची संख्या मात्र अंदाजापेक्षा पुष्कळच कमी भरली. यर्क्स स्वतः १९०५ च्या अखेरीस निवर्तले होते. कर्जाचे ओझे डोईजड झाले होते आणि कंपनी दिवाळखोरीच्या काठावर उभी होती. १९०७ मध्ये अल्बर्ट स्टॅन्ली, म्हणजेच पुढील काळातील लॉर्ड अ‍ॅशफील्ड, व्यवस्थापक म्हणून आले. पिक यांनी कंपनीच्या जाहिरातींवर सडकून टीका केली होती. टीका करणाऱ्यानेच ते काम करून दाखवावे, अशा न्यायाने १९०८ मध्ये प्रसिद्धीचे खाते त्यांच्याकडे सोपवण्यात आले. कलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतलेले नव्हते.

त्यांनी प्रथम स्टेशनांच्या भिंती पाहिल्या. मालाच्या जाहिराती वाटेल त्या आकाराच्या, वाटेल तेथे, एकमेकींना रेटत चिकटवलेल्या असत. त्या गर्दीत स्टेशनाचे नावच सापडत नसे. गाडी फलाटात शिरली की आपले ठिकाण आले किंवा नाही, हे कळण्यासाठी उतारूला धडपड करावी लागे. पिक यांनी या गोंधळावर दोन उपाय योजले. जाहिरातींसाठी ठरावीक मापाच्या चौकटी नेमून दिल्या आणि त्यांच्या बाहेरची भिंत मोकळी केली. स्टेशनाचे नाव निळ्या आडव्या पट्टीवर लिहून तिच्यामागे लाल रंगाची भरीव तबकडी बसवली. धावत्या गाडीतूनही नजर तेथे आपोआप जाई. आज जगभर ओळखल्या जाणाऱ्या लंडनच्या भुयारी रेल्वेच्या बोधचिन्हाचा उगम असा उतारूच्या एका साध्या अडचणीत आहे.

रिकाम्या गाड्या आणि भरलेल्या भिंती

आता भिंतीवर काय लावावे, हा प्रश्न होता. येथे पिक यांच्यातील आकडेतज्ज्ञ पुढे आला. सकाळी आणि सायंकाळी कामकरी माणसांनी गाड्या भरून जात. तो उतारू जाहिरात असो वा नसो, येणारच होता. तोटा होता तो दुपारच्या वेळी, रात्री आणि रविवारी. रूळ, वीजकेंद्र, गाड्या आणि नोकरवर्ग यांचा खर्च तर चालूच राही. गाड्या मात्र रिकाम्या धावत. अशा रिकाम्या वेळी चढलेला प्रत्येक नवा प्रवासी म्हणजे जवळजवळ निव्वळ नफा. पण माणूस केवळ गाडी आहे म्हणून प्रवास करीत नाही. त्याला कोठेतरी जावेसे वाटावे लागते. तेव्हा जाहिरात गाडीची नको, जाण्याच्या ठिकाणाची हवी, हा निष्कर्ष पिक यांनी काढला.

या विचारातून निघालेल्या भित्तिपत्रकांवर आगगाडी सहसा दिसत नसे. दिसत ती क्यूच्या उद्यानातील फुले, एपिंगचे अरण्य, हॅम्प्टन कोर्टचा राजवाडा, प्राणिसंग्रहालयातील पशुपक्षी, थेम्स नदीचा काठ, नाट्यगृहांचे दिवे, संग्रहालये आणि हिवाळी विक्रीसाठी लोटलेली गर्दी. काजळी आणि धुक्याने वेढलेल्या माणसाला फलाटावर उभा असताना हिरवी टेकडी दिसे, खाली त्या ठिकाणचे स्टेशन कोणते ते लिहिलेले असे, आणि रविवारी मुलाबाळांना घेऊन तेथे जाण्याचा बेत मनात शिजू लागे. भित्तिपत्रकाचा नेहमीचा आकार २५ इंच रुंद आणि ४० इंच उंच असा ठरलेला होता. स्टेशनांच्या प्रवेशद्वारांजवळची मोक्याची जागा पिक यांनी मालाच्या जाहिरातदारांना न देता कंपनीच्या चित्रांसाठी राखून ठेवली. तोट्यातील कंपनीने भाड्याचे उत्पन्न सोडून चित्रे लावावीत, हा त्या काळी धाडसाचाच निर्णय होता.

१९०८ मधील आरंभीच्या भित्तिपत्रकांपैकी एक विनोदी चित्रकार जॉन हॅसल यांचे होते. नकाशा समोर असता पोलीस शिपायाला वाट विचारण्याचे कारण नाही, असा त्याचा आशय होता. १९१४ मध्ये मॅक्डोनाल्ड गिल यांनी लंडनचा एक मौजेचा रंगीत नकाशा रेखाटला. त्यात रस्तोरस्ती चिमुकली माणसे, त्यांचे विनोद आणि शहरातील दंतकथा अशा खच्चून भरल्या होत्या, की तो वाचता वाचता लोकांच्या गाड्या चुकत असे सांगितले जाई. गाडीची वाट पाहण्याचा कंटाळवाणा वेळ करमणुकीचा झाला, हीच त्याची फलश्रुती होती.

चित्रकारांचा आश्रयदाता

पुढे पिक यांची दृष्टी अधिक धीट झाली. एडवर्ड मॅकनाइट कॉफर हा अमेरिकेत जन्मलेला तरुण चित्रकार १९१४ मध्ये लंडनला आला. त्या वेळी त्याला फारसे कोणी ओळखत नव्हते. पिक यांनी १९१५ मध्ये त्याला पहिले काम दिले, आणि पुढील पंचवीस वर्षांत त्याने भुयारी रेल्वेसाठी शंभरावर भित्तिपत्रके केली. सपाट रंगांचे मोठे पट्टे, मोजक्या रेषा आणि आकारांचे धीट सुलभीकरण ही त्याची वैशिष्ट्ये होती. वादळवाऱ्यात छत्र्या सावरीत दुकानांकडे निघालेली माणसे त्याने अशी रेखाटली, की चित्र जवळजवळ केवळ रंगांच्या तिरप्या तुकड्यांचेच भासे. युरोपातील नवचित्रकला दालनांत पाहून बुजणारा सामान्य इंग्रज तीच कला फलाटावर रोज पाहून सरावला. पॉल नॅश, ग्रॅहम सदरलँड, लॉरा नाइट, डोरा बॅटी, एडवर्ड बॉडन, टॉम एकर्सली अशी कितीतरी नावे या भिंतींवर झळकली. जर्मनीतून बाहेर पडलेले मोहोली-नॉज आणि पॅरिसमध्ये नावारूपास आलेले छायाचित्रकार मॅन रे यांनाही १९३० नंतरच्या दशकात काम मिळाले. चित्रकर्त्या स्त्रियांना जेव्हा अन्यत्र दारे अरुंद होती, तेव्हा येथे त्यांना मोठ्या संख्येने संधी लाभली, हेही नमूद केले पाहिजे.

पिक यांची रीत अशी होती, की विषय सांगावा, माप सांगावे आणि चित्रकाराला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. सर्व चित्रे एकाच शैलीची असावीत असा आग्रह त्यांनी धरला नाही. पारंपरिक निसर्गचित्राशेजारी भौमितिक आकारांचे चित्र लागे. कोणते चित्र आवडावे हे उतारूने ठरवावे. निकृष्ट मात्र त्याच्यापुढे येता कामा नये, हा त्यांचा दंडक होता. पहिल्या महायुद्धात सैन्यभरतीची सरकारी भित्तिपत्रके त्यांना सुमार वाटली, तेव्हा फ्रँक ब्रँगविन यांच्यासारख्या मान्यवर चित्रकारांकडून त्यांनी स्वतंत्रपणे ती करवून घेतली. १९१६ च्या नाताळात परदेशी लढणाऱ्या सैनिकांसाठी घरच्या गावशिवाराची आठवण देणारी चित्रे धाडण्यात आली. खंदकातील आणि छावणीतील माणसालाही चित्राची गरज असते, हे त्यांनी जाणले होते.

अक्षर, वास्तू आणि नकाशा

चित्र उत्तम आणि खालचे अक्षर ओबडधोबड, हे पिक यांना खपणारे नव्हते. १९१३ मध्ये त्यांची गाठ सुलेखनकार एडवर्ड जॉन्स्टन यांच्याशी पडली. बोरूने लिहिण्याची विद्या इंग्लंडमध्ये पुनरुज्जीवित करणाऱ्या या व्रतस्थ कलावंताकडे त्यांनी रेल्वेसाठी अक्षरवळणाची मागणी केली. अक्षर साधे, ठसठशीत, जाहिरातींच्या गलबल्यात चटकन वेगळे ओळखू येणारे आणि आपल्या काळाचे असावे, अशी अपेक्षा होती. १९१६ मध्ये जॉन्स्टन यांची अक्षरे सिद्ध झाली. त्यांत शेपट्या व फुलोरा नव्हता. परंतु प्राचीन रोमन शिलालेखांतील अक्षरांचे प्रमाण त्यांनी सांभाळले होते. गोल अक्षर पूर्ण वर्तुळाकार आणि टिंब पत्त्यांतील चौकटसारखे कोनावर उभे. लाल तबकडीचे आजच्या पोकळ कड्यात रूपांतरही जॉन्स्टन यांच्याच हातून झाले. १९७९ च्या सुमारास या वळणाची नव्या छपाईसाठी डागडुजी झाली. मूळ पिंड मात्र शंभर वर्षांनंतरही तोच राहिला.

१९१५ मध्ये कलावंत, कारखानदार आणि व्यापारी यांना एकत्र आणणाऱ्या डिझाइन अँड इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेच्या स्थापनेच्या निमित्ताने पिक यांचा वास्तुविशारद चार्ल्स होल्डन यांच्याशी परिचय झाला. वस्तू ज्या कामासाठी आहे त्या कामास ती योग्य असावी, आणि ती योग्यता हेच तिच्या सौंदर्याचे मूळ, हा त्या संस्थेचा सिद्धांत पिक यांच्या मनात पक्का रुजला. १९२० नंतर होल्डन यांनी त्यांच्यासाठी एकामागून एक स्टेशने उभारली. १९३० मध्ये दोघांनी जर्मनी, नेदरलँड्स, डेन्मार्क व स्वीडन या देशांचा दौरा करून नव्या इमारती डोळ्यांखाली घातल्या, आणि परतल्यावर सडबरी टाउन (१९३१), आर्नोस ग्रोव्ह (१९३२) यांसारखी विटा, काच आणि काँक्रीट यांची प्रसन्न स्टेशने निर्माण झाली. त्यांत भित्तिपत्रकांच्या जागा बांधकामाच्या आराखड्यातच योजलेल्या होत्या. पुढे डब्यांतील आसनांच्या कापडाची नक्षीही एनिड मार्क्स, मेरियन डॉर्न अशा कलावंतांकडून करवून घेण्यात आली.

१९३३ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या भुयारी रेल्वेच्या सुप्रसिद्ध नकाशाची कथा मात्र पिक यांच्या प्रतिभेची नव्हे. हॅरी बेक या आरेखकाने अंतराची पर्वा न करता मार्ग उभ्या, आडव्या आणि तिरप्या रेषांत बसवले होते. प्रसिद्धी खात्याने प्रथम हा आराखडा फारच क्रांतिकारक म्हणून परत केला आणि नंतर भीत भीत छापला. जनतेने तो तात्काळ उचलून धरला. कलेच्या बाबतीत पुढारलेले खातेही चुकू शकते आणि सामान्य उतारू त्याच्या पुढे असू शकतो, हा धडा या प्रसंगात आहे.

कसोटीचे क्षण

१९२८ मध्ये पिक कंपनीचे व्यवस्थापकीय संचालक झाले. पुढील वर्षी कंपनीची नवी मुख्य कचेरी ५५ ब्रॉडवे येथे होल्डन यांच्या आराखड्यानुसार पूर्ण झाली. तिच्यावर शिल्पकार जेकब एपस्टाइन यांनी दिवस आणि रात्र अशी दोन शिल्पे कोरली होती. ती पाहून वृत्तपत्रांत गहजब उडाला. शिल्पे अश्लील आहेत, ओबडधोबड आहेत, ती तोडून टाका, असा ओरडा सुरू झाला. पिक यांना स्वतःला ती शिल्पे रुचली नव्हती. तरीही निवड होल्डन यांच्यावर सोपवलेली असल्याने त्यांनी जाहीरपणे होल्डन यांची बाजू घेतली आणि जबाबदारी आपली मानून राजीनामा पुढे केला. तो स्वीकारला गेला नाही. एपस्टाइन यांनी एका मूर्तीत किरकोळ फेरफार केला आणि वाद शमला. स्वतःच्या आवडीची कला जपणे सोपे असते. न आवडलेल्या कलेसाठी आपले पद पणाला लावणारा अधिकारी विरळा.

१ जुलै १९३३ रोजी लंडनमधील भुयारी रेल्वे, ट्राम आणि बस यांचे एकत्रीकरण होऊन लंडन पॅसेंजर ट्रान्सपोर्ट बोर्ड हे सार्वजनिक मंडळ अस्तित्वात आले. अ‍ॅशफील्ड अध्यक्ष आणि पिक उपाध्यक्ष व मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. एका कंपनीच्या भिंतींवर सुरू झालेला प्रयोग आता संपूर्ण राजधानीच्या वाहतुकीचा चेहरा बनला. मॉस्कोच्या भुयारी रेल्वेला दिलेल्या सल्ल्याबद्दल सोव्हिएत सरकारने दिलेले मानचिन्ह त्यांनी घेतले. स्वदेशात देऊ केलेली सरदारकी व उमरावपद मात्र नाकारले.

सहकाऱ्यांच्या दृष्टीने ते सोपे गृहस्थ नव्हते. बारीकसारीक गोष्टीही स्वतः पाहण्याचा त्यांचा अट्टहास असे. सुट्टीच्या दिवशी ते स्टेशने पाहत फिरत आणि हिरव्या शाईने लिहिलेल्या त्यांच्या टिपणांची हाताखालच्यांना धास्ती वाटे. त्यांच्या कार्यातच एक व्यथाही दडली होती. ज्या हिरव्या शिवारांची चित्रे लावून त्यांनी लंडनकरांना बाहेर नेले, त्याच शिवारांवर नव्या मार्गांच्या पाठोपाठ घरांच्या रांगा उभ्या राहिल्या. उत्तरायुष्यात शहराच्या बेबंद वाढीची चिंता त्यांना ग्रासत होती आणि शहराभोवती हरितपट्टा राखला जावा असे ते आग्रहाने सांगत. स्वतःच्या यशाची सावली ओळखण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता.

अखेर

मे १९४० मध्ये मुदत संपताच पिक मंडळातून बाहेर पडले. अ‍ॅशफील्ड यांच्याशी त्यांचे मतभेद झाले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना युद्धकालीन माहिती मंत्रालयाचे महासंचालक नेमण्यात आले. हे पद त्यांना मानवले नाही. शत्रूविरुद्धदेखील असत्य मजकूर पसरवण्यास त्यांचा नैतिक विरोध होता, आणि त्यावरून पंतप्रधान चर्चिल यांची खप्पा मर्जी झाली अशी हकीकत सांगितली जाते. डिसेंबरमध्ये ते पायउतार झाले. ज्याने तीस वर्षे जाहिरातीचे खाते सांभाळले, त्याला खोटी जाहिरात करणे साधले नाही, यात त्या माणसाचे सारे सत्त्व आले. ७ नोव्हेंबर १९४१ रोजी, त्रेसष्टाव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असता, मेंदूतील रक्तस्रावाने लंडनमधील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते.

त्यांच्या मागे उरलेला ठेवा मोठा आहे. एकेकाळी जुने झाले की ज्यांवर नवा कागद डकवला जाई, ती भित्तिपत्रके आता लंडनच्या परिवहन संग्रहालयात आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जतन केलेली आहेत. २०१६ मध्ये पिकॅडिली सर्कस स्टेशनात त्यांचे स्मारक उभारण्यात आले, आणि तेही रोजच्या उतारूंच्या वाटेवर.

सार्वजनिक ग्रंथालय आणि सार्वजनिक वाहन यांचे नाते वरवर दूरचे दिसते. परंतु दोन्हींचे दार कोणालाही उघडे असते, आणि दोन्हींच्या चालकांपुढे एकच प्रश्न असतो : येणारा माणूस सामान्य आहे म्हणून त्याला सामान्य दर्जाचे द्यावे, की तो सर्वांपैकी एक आहे म्हणून सर्वोत्तम द्यावे? फ्रँक पिक यांनी या प्रश्नाचे उत्तर भाषणांतून कमी आणि स्टेशनांच्या भिंतींवर अधिक दिले. त्या भिंतींसमोर दोन मिनिटे थांबून पुढच्या गाडीने गेलेल्या असंख्य अनामिक उतारूंना त्यांचे नावही ठाऊक नव्हते. त्यांना ते ठाऊक व्हावे, अशी पिक यांचीही अपेक्षा नव्हती.